रबाळ्याचा गाळा आणि एकोणीस आसनी विमान : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण नवी मुंबईतील एका लहान कार्यशाळेचे आहे. छोट्या प्रादेशिक विमानांची घट आपण एरवी प्रवाशाच्या बाजूने पाहतो. जिल्ह्याच्या गावाला विमान आले, काही महिने चालले आणि बंद पडले, एवढीच ती हकीकत असते. त्या विमानाचे चाक उघडून तपासणाऱ्यांवर त्याच काळात काय गुजरले, हे सहसा लिहिले जात नाही. मी ठाण्यात राहतो, कॉस्ट अकाउंटंट आहे आणि या कार्यशाळेचे हिशेब बरीच वर्षे पाहत आलो आहे. खाली सांगितलेल्या निर्णयांपैकी पहिल्याचा तक्ता मीच तयार केला होता. मालक, कामगार आणि ग्राहक यांची ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. विमानाचा नेमका प्रकार, त्याचे मार्ग आणि वर्षेही त्याच कारणाने सांगितलेली नाहीत.

पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, रबाळे एमआयडीसीत, दोन गाळे जोडून ही कार्यशाळा उभी आहे. विमान येथे कधीच येत नाही. विमानाची चाके, ब्रेक आणि बॅटऱ्या टेम्पोतून येतात, उघडल्या जातात, तपासल्या जातात आणि ‘सीए फॉर्म १’ हे प्रमाणपत्र घेऊन परत जातात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, मान्यता कार्यशाळेला सरसकट मिळत नाही. कोणत्या विमानाच्या कोणत्या भाग-क्रमांकाचे काम करता येईल याची यादी ठरलेली असते, आणि त्या यादीत एक ओळ वाढवायची तर उत्पादकाचे चालू आवृत्तीचे मॅन्युअल, त्या भागाला बसणारे फिक्स्चर (काम करताना भाग घट्ट धरून ठेवणारे साधन), कॅलिब्रेट केलेली उपकरणे आणि सही करण्याचा अधिकार असलेला माणूस, या सर्वांची तजवीज आधी करावी लागते. थोडक्यात, ग्राहक येण्याआधी पैसे खर्च होतात.

मालकांनी ऐंशीच्या दशकात वायुदूतच्या विमानांवर तंत्रज्ञ म्हणून काम केले होते. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून १९८१ मध्ये स्थापन केलेली वायुदूत ही मुळात ईशान्य भारतासाठी होती, पण पुढे ती देशभरातील लहान गावांपर्यंत पोहोचली आणि तिच्या ताफ्याचा कणा झाले ते १९ आसनी डॉर्निअर २२८. जर्मन रचनेचे हे विमान हिंदुस्थान एरोनॉटिक्स कानपूरला परवान्याखाली बनवत असे. १९९३ मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आली आणि ती सेवा हळूहळू संपली. मालकांच्या बोलण्यात त्या विमानाचा विषय निघाला की आवाज बदलतो. पाऊस असो, धावपट्टी आखूड असो, ते विमान उतरायचे आणि गावातली माणसे कुंपणाशी उभी असायची, हे त्यांनी स्वतः पाहिलेले आहे. हा तपशील भावनेचा वाटेल, पण पहिल्या निर्णयात त्याचा वाटा मोठा होता, म्हणून येथे नोंदवतो.

वायुदूतनंतर काही वर्षांनी त्यांनी हा गाळा घेतला. सांताक्रूझला उभी राहणारी खासगी कंपन्यांची छोटी विमाने आणि जुहूची हेलिकॉप्टरे यांच्यावर कार्यशाळा चालत असे. अकरा माणसे, बेताचा नफा आणि वेळेवर पगार.

एकोणीस हा आकडा

पुढचे समजण्यासाठी १९ आसनांचे मूळ सांगणे आवश्यक आहे. हा आकडा बाजाराने ठरवलेला नाही. वीस किंवा अधिक आसने असली की विमानात परिचारक ठेवावा लागतो, एकोणीसपर्यंत लागत नाही. शिवाय अमेरिकी नियमांत छोट्या विमानांसाठी ‘कम्युटर’ वर्ग आखला गेला, त्याची मर्यादा १९ आसने आणि ८,६१८ किलो वजन अशी होती. त्यामुळे जगातील रचनाकारांनी या कुंपणाच्या आत मावतील अशी विमाने काढली. ट्विन ऑटर, बँडेरांटे, मेट्रोलायनर, जेटस्ट्रीम ३१, बीचक्राफ्ट १९०० आणि डॉर्निअर २२८ ही सगळी त्याच घरातली. १९७८ मध्ये अमेरिकेत विमानसेवा नियंत्रणमुक्त झाली आणि लहान गावांना मोठ्या विमानतळांशी जोडण्याचे काम या विमानांनी केले. पुढची वीस वर्षे तो त्यांचा सुगीचा काळ होता.

मग कुंपण हलले. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने १० ते ३० आसनांच्या नियमित सेवांना मोठ्या विमान कंपन्यांचेच सुरक्षा नियम लागू केले आणि ते पाळण्यासाठी मार्च १९९७ पर्यंत मुदत दिली. प्रवाशांच्या दृष्टीने ते योग्यच होते, परंतु छोट्या विमानाचा खर्च त्यामुळे वाढला. त्याच दशकात ५० आसनी जेट विमाने आली आणि प्रवाशांना पंखे दिसणारे विमान जुनाट वाटू लागले. जेटस्ट्रीम ४१ चे उत्पादन १९९७ मध्ये थांबले, ३४ आसनी साब ३४० चे १९९९ मध्ये आणि बीचक्राफ्ट १९०० चे २००२ मध्ये. ट्विन ऑटरचे उत्पादन तर १९८८ मध्येच थांबले होते, ते दुसऱ्या कंपनीने पुढे नव्याने सुरू केले. भारतात राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचे १४ आसनी ‘सारस’ २९ मे २००४ रोजी पहिल्यांदा उडाले, पण ६ मार्च २००९ रोजी बंगळुरूजवळ दुसरा नमुना कोसळून तिघे मृत्युमुखी पडले आणि प्रकल्प बरीच वर्षे मागे गेला.

याचा परिणाम असा की भारतात छोट्या विमानांची मागणी जेव्हा पुन्हा निर्माण झाली, तेव्हा ती भागवायला बहुतेक जुनीच विमाने शिल्लक होती. जे विमान आता बनत नाही, त्याच्या सुट्या भागांचा मोठा स्रोत म्हणजे उभे राहिलेले दुसरे जुने विमान. हे वाक्य मी आज सहज लिहितो, पण तक्ता बनवताना ते माझ्या डोक्यात नव्हते.

मागणी आणि पहिला निर्णय

ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने ‘उडान’ ही प्रादेशिक विमानसेवा योजना जाहीर केली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला-दिल्ली मार्गावर तिचे पहिले उड्डाण झाले. सुमारे एका तासाच्या प्रवासाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातलेली ठरावीक आसने, त्यात येणारी तूट भरून काढण्यासाठी तीन वर्षे अनुदान आणि तेवढाच काळ त्या मार्गावर एकाधिकार, अशी तिची रचना होती. योजनेच्या पहिल्या काही वर्षांत एका लहान विमानसेवेने कार्यशाळेशी संपर्क साधला. चार १९ आसनी विमाने आणायची आहेत, मुंबईहून राज्यातील दोन-तीन गावांना फेऱ्या होतील, चाके, ब्रेक आणि बॅटऱ्यांचे काम जवळच व्हावे, अशी त्यांची अपेक्षा होती.

चाकांचे काम करणाऱ्यांना आखूड मार्गाचे विमान फार सोयीचे असते, कारण चाक झिजते ते उड्डाणाच्या तासांनी नव्हे, उतरण्याच्या संख्येने. दिल्लीला जाणारे मोठे विमान दोन तासांनी एकदा टेकते, चाळीस मिनिटांच्या मार्गावरचे छोटे विमान तेवढ्यात दोनदा टेकून पुन्हा उडायच्या तयारीत असते. दर वेळी टायर बदलताना चाकाचे दोन अर्ध वेगळे करायचे, बेअरिंग धुऊन पाहायचे, धातूत बारीक तडा आहे का ते एडी करंटने तपासायचे, ते दोन अर्ध जोडणाऱ्या टाय बोल्टची चुंबकीय तपासणी करायची, नवा टायर बसवून नायट्रोजन भरायचा, असे ते काम. चार विमाने, रोज प्रत्येकी सहा वेळा उतरणार, असा हिशेब मांडला की कार्यशाळेचे चाकांचे काम जवळजवळ दुप्पट होत होते.

मी तक्ता केला. कंपनीने दिलेल्या वेळापत्रकातल्या फेऱ्या घेतल्या, विमानांच्या संख्येने गुणल्या आणि सावधगिरी म्हणून त्यातून पंचवीस टक्के वजा केले. फिक्स्चर, मॅन्युअलचे वार्षिक शुल्क, बेअरिंग, टाय बोल्ट आणि टायर यांचा साठा मिळून कार्यशाळेच्या मागच्या दोन वर्षांच्या नफ्याइतकी रक्कम लागणार होती. त्यातली निम्मी बँकेकडून घ्यायचे ठरले. मालकांच्या भाच्याने, जो भागीदारही आहे, एकच शंका काढली होती, ‘मामा, वायुदूतचं काय झालं ते तुम्हीच सांगता ना?’ त्यावर मालकांचे उत्तर असे होते की वायुदूत सरकारी कारभाराने बुडाली, मंत्री सांगतील त्या गावाला विमान न्यावे लागे, हे लोक खासगी आहेत, पैसे मोजून विमान उडवतील. मलाही ते पटले. आम्ही होकार दिला.

प्रत्यक्षात काय घडले

चारपैकी दोन विमाने आली. तिसरे येण्याची तारीख तीनदा पुढे गेली आणि मग तिचा उल्लेख थांबला. तरीही पहिले पाच महिने काम बरे होते. प्रवासी होते, गावाकडचे लोक खूश होते, एका आमदारांनी विमानतळावर पेढे वाटल्याचा फोटोही आमच्याकडे आला. विमान रिकामे जात नव्हते, हे आवर्जून सांगायला हवे, कारण ‘लोकच नव्हते’ असे सोपे कारण अशा प्रत्येक प्रकरणात दिले जाते.

अडचण जागेची होती. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे व्यवहारात एका वेळी एकच वापरता येते, आणि उतरण्या-उडण्याची एक वेळ १९ माणसांच्या विमानाने घेतली काय किंवा १८० जणांच्या विमानाने घेतली काय, ती एकच वेळ असते. सरकारने ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत नियमित विमानांना उतरण्याचे शुल्क माफ केलेले आहे, ४०,००० किलोंपेक्षा हलक्या विमानांच्या इंधनावर विक्रीकराचा दरही कमी ठेवलेला आहे. पण शुल्क माफ करता येते, वेळ निर्माण करता येत नाही. या विमानांना मिळालेल्या वेळा भल्या पहाटेच्या आणि भर दुपारच्या होत्या. ठाण्याहून सांताक्रूझ गाठायला दीड तास, त्याआधी तासभर लवकर पोहोचायचे आणि मग चाळीस मिनिटे उडायचे, हा हिशेब नोकरी-धंद्याच्या माणसाला दुपारच्या वेळेत बसत नाही.

दुसरी अडचण दर आसनामागच्या खर्चाची. छोट्या विमानालाही दोन वैमानिक, दोन इंजिने, तीच तपासणी आणि तसाच कागद लागतो. तो भार १९ तिकिटांत वाटायचा की एटीआर ७२ या मोठ्या प्रादेशिक विमानाच्या सत्तर तिकिटांत, एवढाच फरक असतो आणि तो निर्णायक ठरतो. त्यात छोट्या विमानावर तास भरले की वैमानिक मोठ्या कंपनीत जातो आणि नव्याला पुन्हा शिकवावे लागते.

सहाव्या महिन्यात एक गोष्ट घडली, जिच्याकडे आम्ही तेव्हा लक्ष दिले नाही. कार्यशाळेचे भांडार एक तरुण मुलगी सांभाळते. प्रत्येक चाकाचा अनुक्रमांक आणि ते कोणत्या विमानाचे, याची नोंद तिच्या रजिस्टरात असते. तिने मालकांना सांगितले, ‘सर, हे चाक मागच्या खेपेला दुसऱ्या विमानाच्या नावावर आलं होतं.’ मालकांनी कागद पाहिले, सर्व नियमानुसार होते आणि विषय संपला. एका विमानाचा चांगला भाग काढून दुसऱ्याला लावणे, ज्याला हँगरमध्ये ‘रॉब करणे’ म्हणतात, हे योग्य नोंदी ठेवून करता येते आणि मोठमोठ्या कंपन्याही ते करतात. परंतु ज्या कंपनीकडे विमानेच दोन आहेत, तिथे त्याचा अर्थ वेगळा होतो. पुढच्या तीन महिन्यांत त्याच रजिस्टरात असे चार वेळा झाले. म्हणजे एक विमान जमिनीवर होते, व्यवसायाच्या भाषेत एओजी, आणि दुसऱ्याला जगवत होते. उत्पादकाकडून नवा भाग मिळायला आठवडे लागत, परदेशातील जुन्या विमानांच्या व्यापाऱ्याकडून मिळाला तर त्याची कागदपत्रे डीजीसीएच्या निकषांना पुरी पडतीलच असे नसे.

चौदाव्या महिन्यात सेवा थांबली. विमाने भाड्याची होती, ती त्यांच्या परदेशी मालकांच्या ताब्यात गेली. आमच्या गाळ्यात राहिले ते फिक्स्चर, बेअरिंग, टाय बोल्ट, टायर आणि बँकेचा हप्ता.

समोर असलेले पर्याय

एका शनिवारी गाळ्यातच बसून आम्ही चार पर्याय मांडले.

पहिला, थांबून राहण्याचा. उडानच्या पुढच्या फेऱ्यांत नवी कंपनी त्याच प्रकारचे विमान आणील, तोवर मान्यता आणि साठा टिकवावा, असे मालकांचे मत होते. याचा खर्च दिसतो त्याहून अधिक असतो. मॅन्युअलचे शुल्क दर वर्षी भरावे लागते, उपकरणे पुन्हा कॅलिब्रेट करावी लागतात, रबरी सीलची मुदत संपते आणि ज्या माणसाच्या सहीवर मान्यता उभी आहे त्याने ते काम प्रत्यक्ष करत राहणे अपेक्षित असते. न वापरलेली मान्यताही खर्च मागते.

दुसरा पर्याय एटीआरच्या चाकांचा. देशातील प्रादेशिक उड्डाणे त्या विमानाकडे वळत होती हे स्पष्ट होते. अडचण अशी की मोठ्या ताफ्याच्या कंपन्या चाके-ब्रेकचे काम बहुधा उत्पादकाशी किंवा मोठ्या दुरुस्ती केंद्राशी दर उतरण्यामागे ठरावीक रकमेच्या कराराने देतात. लहान गाळ्याच्या वाट्याला येते ते ओसंडून वाहणारे काम, म्हणजे त्यांच्या केंद्रात गर्दी झाली की येणारे. तेही वाईट नाही, पण त्यावर कर्ज फेडण्याचे नियोजन करता येत नाही.

तिसरा पर्याय भाच्याचा होता. ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरे उभी राहत आहेत, त्यांच्याकडे बॅटऱ्यांचे डोंगर आहेत, विमानाचा नाद सोडून तिकडे जावे. हा विचार ऐकायला फार चांगला होता. पण आमची बॅटरीची खोली निकेल-कॅडमियमची. छोट्या विमानाच्या अशा बॅटरीत साधारण वीस सेल असतात, प्रत्येकी १.२ व्होल्टचा, आणि आत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे अल्कली द्रावण. यूपीएसच्या बॅटऱ्या मुख्यतः शिसे-आम्लाच्या किंवा लिथियमच्या. आम्लाची वाफ किंवा आम्ल लागलेले एखादे हत्यारही निकेल-कॅडमियम बॅटरी बिघडवू शकते, म्हणून दोन्ही कामे एका खोलीत करता येत नाहीत, स्वतंत्र जागा आणि स्वतंत्र हत्यारे लागतात. तिसरा गाळा भाड्याने घेऊन, ज्या बाजारात आम्हाला कोणी ओळखत नाही तिथे शिरायचे, असा तो पर्याय होत होता.

चौथा पर्याय आमच्या डोळ्यांसमोरच होता आणि म्हणूनच शेवटी सुचला. जुहूहून समुद्रातील तेलफलाटांकडे हेलिकॉप्टरे जातात. त्यांनाही निकेल-कॅडमियम बॅटऱ्या असतात, खाऱ्या हवेमुळे त्यांची देखभाल कडक ठेवावी लागते, आणि तेल काढणे चालू आहे तोवर माणसे ने-आण करावीच लागते. त्या कामाला अनुदानाची मुदत नाही. आम्ही ते थोडे करत होतो, वाढवण्याचा प्रयत्न मात्र कधी केला नव्हता, कारण चार विमानांच्या तक्त्याने आमचे सगळे लक्ष चाकांकडे वळवले होते.

घेतलेला निर्णय आणि कृती

चौथा पर्याय मुख्य आणि दुसरा जोडीला, असे ठरले. १९ आसनी विमानाच्या चाकांची ओळ मान्यतेच्या यादीतून काढण्यासाठी अर्ज करायचा, हे मालकांना सर्वांत जड गेले. ‘यादीतून काढलं की ते विमान आपल्यासाठी संपलं,’ असे ते म्हणाले. त्यावर चर्चा दोन आठवडे लांबली, आणि ते दोन आठवडे वाया गेले असे मी मानत नाही. माणूस ज्या विमानावर हात धरून काम शिकला, त्याच्या जातीचे शेवटचे काम बंद करायचे असेल तर त्याला तेवढा वेळ मिळायला हवा.

साठा विकताना कागदांची किंमत कळली. ज्या बेअरिंग आणि बोल्टसोबत मूळ प्रमाणपत्रे नीट जपलेली होती, ती परदेशातील व्यापाऱ्याने घेतली, खरेदीच्या निम्म्याहून कमी भावात का होईना. टायरला गिऱ्हाईक मिळाले नाही. बँकेशी बोलून हप्त्यांची मुदत वाढवून घेतली. बॅटरीच्या खोलीत चार्जर-अ‍ॅनलायझरचे आणखी एक यंत्र बसवले आणि दोन चाकवाल्या तंत्रज्ञांना बॅटरीचे प्रशिक्षण दिले. आणखी दोघांना सांभाळून घेणे शक्य झाले नाही. त्यांपैकी एक जण एका विमान कंपनीच्या लाइन मेन्टेनन्सला लागला, दुसऱ्याने विमानाचे क्षेत्र सोडले. त्याचा हात चाकावर फार चांगला होता.

परिणाम

हेलिकॉप्टरच्या बॅटऱ्यांनी पहिल्या वर्षी तोटा थांबवला आणि तिसऱ्या वर्षी कर्ज फिटले. एटीआरचे काम अनियमितच राहिले, पण त्यासाठी आम्ही नवे कर्ज काढले नव्हते, त्यामुळे ते आले तर फायद्याचे आणि नाही आले तर नुकसान नाही, अशी स्थिती राहिली.

बाहेरचे चित्र आमच्या गाळ्याहून फार वेगळे नव्हते. २०२३ च्या अहवालात भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी नोंदवले की योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ मार्गांवरच सेवा सुरू झाली, त्यांपैकी ११२ मार्गांनी तीन वर्षांची सवलतीची मुदत पूर्ण केली आणि मार्च २०२३ मध्ये सवलत संपल्यानंतरही चालू असलेले मार्ग ५४ होते. हे आकडे सर्व प्रकारच्या विमानांचे आहेत. अहवाल वाचून मालक बराच वेळ गप्प होते.

दरम्यान जमिनीवरचा स्पर्धकही बदलला. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईहून शिर्डी आणि सोलापूरसाठी वंदे भारत गाड्या सुरू झाल्या. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील आमणेपर्यंत पूर्ण झाला. ठाण्याच्या माणसाला घराच्या दारातून निघून मराठवाड्यात उतरता येते, तेव्हा आधी पश्चिमेला सांताक्रूझकडे जाऊन मग पूर्वेला उडण्याचे कारण त्याच्यापाशी फारसे उरत नाही.

वेगळे काय करता आले असते

होकार देणे चूक होते असे मला आजही वाटत नाही. अशा गाळ्याने नवे काम घ्यायचेच नाही असे ठरवले तर तो तसाही बंद पडेल. चूक होकार देण्याच्या पद्धतीत होती.

तक्त्यात मी फेऱ्या मोजल्या. मोजायची होती ती विमाने, आणि तीही या एका कंपनीची नव्हे. त्या प्रकारची किती विमाने देशात नियमित सेवेत आहेत, हा प्रश्न मी विचारला असता तर उत्तर हाताच्या बोटांवर आले असते. एका ग्राहकाचे विमान थांबले तर त्याच प्रकारचे दुसरे विमान दुसऱ्या कोणाकडे आहे का, यावर सगळी गुंतवणूक अवलंबून होती. मी सावधगिरीचे म्हणून वजा केलेले पंचवीस टक्के निरुपयोगी ठरले, कारण दोन विमानांच्या ताफ्यात काम पंचवीस टक्क्यांनी कमी होत नाही. एक विमान उभे राहिले की ते निम्म्यावर येते आणि दुसरे उभे राहिले की शून्यावर.

साठा आमच्या पैशाने घ्यायला नको होता. बेअरिंग आणि टायर ग्राहकाच्या मालकीचे, आमच्याकडे ठेव म्हणून, आणि त्यासोबत दरमहा किमान आकार, अशी मागणी आम्ही करायला हवी होती. कंपनीने ती नाकारली असती तर त्या नकारातूनच बरेच कळले असते. फिक्स्चर मात्र आमचेच असायला हवे होते, ती जोखीम धंद्याचीच आहे.

भांडाराच्या रजिस्टराबद्दल मला सर्वांत जास्त वाईट वाटते. सेवा थांबणार हे सांगणारी पहिली नोंद आमच्याच गाळ्यात, आठ महिने आधी, एका बावीस वर्षांच्या मुलीच्या अक्षरात होती. तिने ती वर सांगितलीही होती. आम्ही कागद बरोबर आहेत का एवढेच पाहिले, त्यांचा अर्थ पाहिला नाही. तेव्हाच टायरची पुढची खरेदी थांबवली असती तर नुकसान बरेच कमी झाले असते. आता दर महिन्याच्या बैठकीत ती रजिस्टर घेऊन बसते आणि प्रत्येक ग्राहकाचे कोणते अनुक्रमांक कुठून कुठे हलले ते आधी वाचून दाखवते. हिशेबाची पाळी त्यानंतर येते.

योजनेबद्दलही एक मत नोंदवतो. अनुदान आसनाला मिळते, सुट्या भागाला नाही. ज्या विमानाचे उत्पादन थांबले आहे, त्याची सेवा तिकिटाच्या तुटीने जितकी अडते तितकीच एका पंपासाठी आठवडाभर उभे राहण्याने अडते. दोन-दोन विमानांच्या चार कंपन्यांनी चार वेगळे साठे ठेवण्यापेक्षा एका प्रकारच्या विमानासाठी सामायिक साठा उभा राहिला असता, आणि त्यासाठी अनुदानाचा थोडा भाग गेला असता, तर काही मार्ग अधिक टिकले असते असे मला वाटते. सगळेच टिकले असते असे नाही. मुंबईतील वेळेचा प्रश्न साठ्याने सुटला नसता.

सध्याची स्थिती

१२ एप्रिल २०२२ रोजी कानपूरला बनलेले १७ आसनी डॉर्निअर दिब्रुगड-पासीघाट मार्गावर प्रवासी सेवेत उतरले, तेव्हा मालकांनी ती बातमी कापून गाळ्याच्या फळ्यावर लावली. देशातच बनणाऱ्या विमानाचे भाग देशातच मिळतील, हा त्यांचा मुद्दा बरोबर आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली, आणि नव्या विमानतळावर छोट्या विमानांना सोयीच्या वेळा मिळतील या आशेने एका नव्या संस्थेने आमच्याकडे चाकांच्या कामाबद्दल विचारणा केली आहे.

मालकांनी त्यांना नकार दिलेला नाही आणि होकारही दिलेला नाही. भाच्याने लिहिलेल्या पत्रात चार प्रश्न आहेत. त्या प्रकारची किती विमाने आज देशात उडत आहेत, तुमच्या विमानांपैकी किती तुमच्या मालकीची आहेत, नवी मुंबईत कोणत्या वेळा लेखी मिळाल्या आहेत, आणि टायर-बेअरिंगचा साठा तुम्ही घेणार का. फिक्स्चर ग्रीस लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मागच्या गाळ्यात ठेवलेले आहे. ते या विमानाला बसणार नाही, पण मालकांनी ते भंगारात दिलेले नाही आणि आम्हीही तसे सुचवलेले नाही. पत्राचे उत्तर अजून यायचे आहे.